साधनं तीच, पण ठरवणार कोण? कुटुंब नियोजन आणि अपत्यमर्यादेचा कायदा

लोकसंख्येवर चर्चा रंगली की दोन वाक्यं हमखास एका दमात ऐकू येतात. "कुटुंब नियोजन झालंच पाहिजे" हे एक, आणि "दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांवर कायदा आणलाच पाहिजे" हे दुसरं. बोलणाऱ्याला वाटत असतं की दुसरं वाक्य म्हणजे पहिल्याचंच जरा कडक रूप. प्रत्यक्षात या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात, आणि त्यांचा इतिहासही तेच सांगतो.

मुलं हवीत की नकोत, किती आणि कधी, हे जोडप्याने ठरवायचं आणि त्यासाठी लागणारी माहिती, साधनं नि दवाखाना त्यांच्या हाताशी असायचा, याला कुटुंब नियोजन म्हणतात. मुलांचा आकडा सरकारने ठरवायचा आणि तो ओलांडणाऱ्याकडून दंड, नोकरी, पद किंवा सवलतीच्या रूपाने किंमत वसूल करायची, ही अपत्यमर्यादा. गोंधळ होतो त्याला कारण आहे. दोन्हीकडे निरोध, गोळ्या, तांबी, नसबंदी हीच साधनं असतात, दोन्हीकडे नर्सबाई त्याच असतात, भिंतीवरचा कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोणही तोच असतो. म्हणून नुसतं साधन पाहून काही कळत नाही. १९६८ मध्ये तेहरानला झालेल्या आंतरराष्ट्रीय मानवी हक्क परिषदेने आपल्या मुलांची संख्या आणि त्यांच्यातलं अंतर मोकळेपणाने व जबाबदारीने ठरवणं हा आईवडिलांचा मूलभूत हक्क मानला. निर्णय कोणाचा, याचं उत्तर तिथेच मिळालेलं आहे.

एक तांबी, दोन अर्थ

आपल्याकडे सरकारी दवाखान्यात बसवतात ती तांबी १० वर्षांपर्यंत चालते. तिला खाली बारीक दोरा असतो. बाईला मूल हवंसं वाटलं, त्रास झाला किंवा नुसतं मन बदललं, तरी प्रशिक्षित नर्स तो दोरा चिमट्यात धरून काही मिनिटांत तांबी काढू शकते. त्यानंतर दिवस राहण्याची शक्यता लवकरच पूर्ववत होते. पाळणा लांबवायचं साधन म्हणून तिचं महत्त्व यातच आहे.

चीनमध्ये अनेक वर्षं लाखो बायकांना गर्भाशयात पोलादी कडी बसवली जात होती. तिला दोराच नव्हता. ती काढायची तर आत उपकरण घालावं लागे. पहिल्या मुलानंतर कडी आणि दुसऱ्यानंतर नसबंदी असा शिरस्ता होता, आणि कडी जागेवर आहे ना हे पाहायला गावोगावच्या बायकांना ठरावीक काळाने तपासणीला बोलावलं जाई. काम दोन्ही वस्तूंचं एकच, गर्भ राहू न देणं. पण एकीचा दोरा बाईच्या सोयीसाठी ठेवलेला आहे, दुसरीत तो नाही.

म्हणून एखादी योजना कोणत्या जातीची आहे हे ओळखताना मी आधी एवढंच पाहते की साधन जितक्या सहज बसवून मिळतं, तितक्याच सहज काढून मिळतं का. या कसोटीवर आपलंही सगळं आलबेल नाही. तांबी काढायला आलेल्या बाईला "राहू दे अजून थोडे दिवस" म्हणून परत पाठवणं हेही तिच्या निर्णयात लुडबुड करणंच आहे, मग सांगणारीचा हेतू कितीही चांगला असो.

चीनचा दाखला, नीट वाचला तर

कडक कायद्याच्या बाजूने हमखास चीनचं उदाहरण दिलं जातं. पण तारखा पाहा. १९७० मध्ये तिथे एका बाईमागे सरासरी जवळपास ६ मुलं होती, १९७९ पर्यंत हा आकडा ३ च्या खाली आला होता. एका मुलाचं धोरण देशभर लागू झालं ते त्यानंतर, सप्टेंबर १९८० मधल्या जाहीर पत्राने. म्हणजे मोठी घसरण आधीच होऊन गेली होती. सत्तरच्या दशकातली 'उशिरा लग्न, मुलांत अंतर, मुलं कमी' ही मोहीमही दबावापासून मुक्त नव्हती, हे मान्य केलंच पाहिजे. पण एका मुलाच्या सक्तीने जन्मदर पाडला हा समज काही टिकत नाही.

सक्तीने काय केलं त्याच्या खुणा मात्र स्पष्ट आहेत. मर्यादेबाहेर जन्मलेल्या मुलासाठी आईवडिलांना मोठा दंड भरावा लागे. तो भरता आला नाही की मुलाची नोंद अडायची, आणि नोंद नाही म्हणजे शाळा नाही, सरकारी दवाखाना नाही, रेल्वेचं तिकीटही अवघड. २०१० च्या जनगणनेत अशी नोंदच नसलेली सुमारे १ कोटी ३० लाख माणसं निघाली, आणि त्यांतली बरीच या मर्यादेपायी राहून गेलेली होती. मुलगा हवाच आणि संधी एकच, अशा कात्रीत सापडलेल्या घरांनी काय केलं ते २००४ च्या सुमाराच्या आकड्यांत दिसतं. तेव्हा १०० मुलींमागे १२० च्या आसपास मुलगे जन्माला येत होते. मुलग्याचा हट्ट जिथे जिथे आहे, तिथे तिथे अपत्यसंख्येवरची मर्यादा मुलींच्या जिवावर उठते. आपल्या देशात हे वेगळं घडेल असं मानायला मला तरी काही कारण दिसत नाही.

२०१६ पासून तिथे दोन मुलांना आणि २०२१ मध्ये तीन मुलांना परवानगी मिळाली. सुरुवातीला जन्म जरा वाढले, पण मग घटतच राहिले आणि २०२२ मध्ये लोकसंख्याच कमी झाली. मुलं किती हा निर्णय घरात घेतला जातो, आणि महागाई, घराचं भाडं, बाईची नोकरी, मुलांचं शिक्षण हे सगळं त्यात मोजलं जातं. फर्मानाने तो खाली आणता येतो हा भ्रम आणि वर आणता येतो हाही भ्रमच.

आपल्या घरचा इतिहास

भारताने १९५२ मध्ये सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला. त्याच्याही कितीतरी आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं होतं. कर्व्यांना छळ सोसावा लागला, पुढे प्राध्यापकीही गेली. त्यांचं म्हणणं साधं होतं, की बाईला दिवस राहणं ही तिच्या इच्छेची बाब असली पाहिजे. महाराष्ट्रात या विचाराची सुरुवात अशी बाईच्या बाजूने झाली, हे आपण विसरत चाललो आहोत.

याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, एवढंच. पण आणीबाणीत कायद्यावाचून काही अडलं नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या. शिक्षकांना, तलाठ्यांना, पोलिसांना कोटे ठरवून दिले होते. हरियाणातल्या उटावर गावाला पोलिसांनी वेढा घालून पुरुषांना उचलून नेलं. आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगासमोर नसबंदीनंतरच्या १,७७४ मृत्यूंची नोंद आली.

सरकार १९७७ च्या निवडणुकीत पडलं. कार्यक्रमाचं नाव बदलून 'कुटुंब कल्याण' झालं. पण खरी किंमत पुढे मोजावी लागली, आणि ती अजून मोजली जाते आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदीचं ०.३ टक्के निघालं. याला आणीबाणी हे एकच कारण नाही. बायकांची दुर्बिणीची शस्त्रक्रिया सोपी झाली, पुरुषांचा अशक्तपणाचा गैरसमजही जुनाच. तरीही 'नसबंदी' म्हटलं की पुरुषाच्या पोटात गोळा येतो, ती भीती त्या वर्षाने पक्की केली. पुरुषांची शस्त्रक्रिया बायकांच्या शस्त्रक्रियेपेक्षा किती तरी सोपी आहे. टाका नाही, पोट उघडणं नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो. फक्त त्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्यतपासणीत शुक्रजंतू नाहीत हे पाहून मगच निर्धास्त व्हायचं. जबरदस्तीने नियोजनाचंच एक उत्तम साधन बदनाम करून ठेवलं.

मधला धूसर पट्टा

आज कोणी गावाला वेढा घालत नाही. आजचा दबाव अर्जातल्या रकान्यातून येतो, आणि म्हणून तो ओळखायला कठीण जातो.

महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेली व्यक्ती ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू शकत नाही, निवडून आलेली असेल तर पद जातं. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणाचा असाच नियम वैध ठरवला. २०१८ मध्ये ओडिशाच्या एका प्रकरणात तिसरं मूल दत्तक दिलं तरी अपात्रता टळत नाही, असंही स्पष्ट केलं. न्यायालयापुढचा प्रश्न नियम घटनेत बसतो का हा होता. माझा प्रश्न त्याची झळ कोणाला बसते हा आहे.

आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. आरक्षणामुळे पहिल्यांदाच सरपंचपदाच्या खुर्चीवर बसलेली बाई डोळ्यांसमोर आणा. तिला दोन मुली आहेत आणि सासरी मुलग्यासाठी तगादा आहे. तिसऱ्या खेपेचा निर्णय तिने एकटीने घेतलेला असतो का? पण विरोधी गटाचा माणूस जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करतो, जन्माचा दाखला जोडतो, आणि पद तिचं जातं. अशा नियमांवर वेगवेगळ्या राज्यांत झालेल्या अभ्यासांत गरोदर बायकोला सोडून देणं, तिसऱ्या मुलाची नोंदच न करणं, सक्तीचा गर्भपात असे प्रकार नोंदले गेले. हरियाणा, मध्य प्रदेश, हिमाचल प्रदेश, छत्तीसगड यांनी नियम मागे घेतला. आपल्याकडे तो चालूच आहे.

मग पैशांचं काय? शस्त्रक्रियेनंतर बुडालेल्या मजुरीची भरपाई मला गैर वाटत नाही. पण नाही म्हणणाऱ्याचं रेशन, नोकरी, पद किंवा मुलाची शाळा धोक्यात येत असेल, तर त्या 'हो'ला संमती म्हणता येणार नाही. नाही म्हणणारी बाई जशी आली तशी घरी परतू शकते का, एवढं पाहावं.

उद्दिष्टांचा बोजा कर्मचाऱ्यांवर टाकला तरी शेवट तोच होतो. भारताने १९९६ मध्ये कागदोपत्री उद्दिष्टमुक्त धोरण स्वीकारलं. तरीही नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या आणि डझनाहून अधिक बायका दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत अशी शिबिरं बंद करण्याच्या दिशेने पावलं टाकायला सांगितलं. शिबिरात आलेली बाई आकडा भरायला येते. दवाखान्यात आलेल्या बाईला मूल अंगावर पितं का, रक्तदाब किती, अर्धशिशी आहे का, पुढचं मूल कधी हवं, हे विचारलं जातं आणि उत्तरांप्रमाणे साधन बदलतं. तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळ्या, तांबी, निरोध यांतलं एकीला चालेल ते दुसरीला चालेलच असं नाही.

जबाबदारी कोणाची

"मोकळीक दिली तर लोक बेजबाबदार वागतील" हा आक्षेप मी मनापासून ऐकते, कारण तो काळजीपोटी येतो. पण घडलेलं पाहिलं तर तो खरा ठरत नाही. बांगलादेशात अपत्यसंख्येवर कायद्याने मर्यादा नव्हती. गावातल्याच बायका दारोदार जाऊन साधनं पोहोचवत होत्या, मुलं जगू लागली होती, मुली शाळेत जाऊ लागल्या होत्या. सत्तरच्या दशकात बाईमागे ६ हून अधिक असलेली मुलं चार दशकांत २.३ च्या आसपास आली. भारताचा आकडाही १९९२-९३ मधल्या ३.४ वरून २०१९-२१ मध्ये २.० वर आला, देशव्यापी अपत्यमर्यादेशिवाय. त्याच सर्वेक्षणात ९.४ टक्के विवाहित बायका मूल नको किंवा इतक्यात नको असूनही कुठलंच साधन वापरत नव्हत्या. त्यांना काय अडलं ते शोधणं हे सरकारचं काम.

जोडप्याची जबाबदारीही कमी नाही. एका बाळंतपणानंतर पुढच्या गर्भधारणेपूर्वी निदान दोन वर्षं जाऊ द्यावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तो पाळणं फक्त बायकोवर सोडून नवऱ्याने हात झटकायचे, ही जबाबदारी नव्हे. आणि मूल होत नसलेल्या जोडप्याला उपचार मिळणं हेही नियोजनातच येतं. अपत्यमर्यादेच्या कायद्याजवळ या जोडप्यासाठी एक शब्दही नसतो, दोन मुलांत अंतर ठेवू पाहणाऱ्या बाईसाठीही नसतो.

आकडा सरकारच्या हाती दिला की तो उलटाही फिरतो. रुमानियाने १९६६ मध्ये लोकसंख्या वाढवण्यासाठी गर्भपातावर बंदी घातली, गर्भनिरोधकं दुर्मिळ झाली. पहिल्या वर्षी जन्म जवळपास दुप्पट झाले, मग पुन्हा घसरले. १९८९ पर्यंत चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो बायका गेल्या. इराणने गावोगाव आरोग्यघरं उभारून, लग्नाआधी जोडप्यांचे वर्ग घेऊन जन्मदर ६ वरून २ च्या जवळ आणला, आणि २०२१ च्या कायद्याने सरकारी दवाखान्यांतली मोफत साधनं बंद केली.

आपल्याजवळचं उदाहरण आंध्र प्रदेशाचं. दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांना तिथे स्थानिक निवडणुकीत बंदी होती. ती २०२४ मध्ये उठली, हे चांगलंच झालं. पण त्याच सुमारास मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडूंनी दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्यांनाच निवडणूक लढवता येईल असा कायदा करण्याचा विचार बोलून दाखवला. तो अमलात आला असता तर दोन मुलांवर नसबंदी करून घेतलेली, कालपर्यंत आदर्श ठरलेली बाई उमेदवारी अर्ज भरायला अपात्र ठरली असती.