युनियनचं कार्ड, दहा वर्षं आणि पेन्शन

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतून चादरी-टॉवेलचा माल पोहोचवणाऱ्या टेम्पो ड्रायव्हरांत एक समज घट्ट बसलाय: युनियनचं कार्ड आहे, फंड कापून दहा वर्षं झाली, म्हणजे नोकरी सोडताच पेन्शन चालू.

यातली दहा वर्षं खरी आहेत, बाकीचं नाही. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत दहा वर्षांच्या नोकरीने फक्त हक्क तयार होतो. पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी. नोकरी सोडलेली असेल तर ५० नंतर लवकर मागता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात. पन्नाशीतच घेतली तर पाव हिश्शाहून जास्त रक्कम जाते आणि ५८ झाल्यावर ती परत वाढत नाही. हेच कोणी सांगत नाही!

हिशेब असा: पेन्शनपात्र पगार गुणिले वर्षं, भागिले ७०. १५ हजारांवर १४ वर्षं म्हणजे महिना ३,००० रुपये. तेही कपातीआधी.

आणि युनियन? ती मालकाला फंड भरायला भाग पाडू शकते, आणि ते काम मोठंच आहे. पण पात्रता वर्गणीच्या पावतीवर नाही, पेन्शन खात्यात मालकाचा हिस्सा जमा झाला का, यावर ठरते. फंडाच्या पासबुकात तो रकाना वेगळा दिसतो.

दहा वर्षांच्या आत मालक बदलताना पेन्शनचे पैसे काढले, तर मागची वर्षं पुसली जातात. त्याऐवजी खातं नव्या मालकाकडे वर्ग करा, किंवा स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे मागच्या वर्षांची नोंद टिकवणारा दाखला, घ्या.