नंबर मॅचिंग : जुन्या मसल कारचे पार्ट अस्सल आहेत का ते तपासणं

जुन्या अमेरिकन मसल कारचं (म्हणजे आठ सिलिंडरचं ताकदवान व्ही-८ इंजिन घातलेल्या गाडीचं) इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल आणि बाकीच्या पार्टवरचे नंबर नि तारखा त्या गाडीच्या चेसी नंबरशी आणि ती कारखान्यातून बाहेर पडली त्या सुमाराशी जुळतात का, हे बघायच्या पद्धतीला नंबर मॅचिंग तपासणी म्हणतात. आपल्याकडे आरसी बुकात चेसी नंबर आणि इंजिन नंबर शेजारी शेजारी छापलेले असतात त्यामुळे हे काम पाच मिनिटांचं वाटतं, पण १९६० च्या दशकातल्या शेवरलेटचं तसं नाही, तिथे एका नंबरावर काहीच मिटत नाही. या नोंदीत मुख्यतः १९६९ ची शेवरलेट कॅमेरो झेड/२८ (कॅमेरोचा जोरदार इंजिनाचा खास प्रकार) धरलीय कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

संज्ञा : हा शब्दप्रयोग नक्की कुणी रूढ केला यावर एकमत नाही, बहुतेक जाणकार तो कॉर्व्हेटवाल्यांकडून (कॉर्व्हेट ही शेवरलेटचीच स्पोर्ट्स कार) आला असं मानतात आणि ते पटण्यासारखं आहे, कारण कॉर्व्हेटची स्पर्धात्मक पारख १९७० च्या दशकातच सुरू झाली होती (ब्लूमिंग्टनचा मेळा १९७३ चा, नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी १९७४ ची). अर्थाबद्दल मात्र अजून वाद आहे. एक गट म्हणतो की इंजिनच्या ब्लॉकवर (त्याच्या ओतीव सांगाड्यावर) त्याच गाडीच्या चेसी नंबरचा तुकडा ठोकलेला असेल तरच मॅचिंग म्हणायचं, दुसरा गट म्हणतो की कास्टिंग नंबर (ब्लॉक ओततानाच साच्यातून उठलेला नंबर) बरोबर आणि तारखा गाडीच्या आधीच्या असल्या की पुरे. दुसऱ्या अर्थाने तर भंगारातून आणलेलं त्याच महिन्याचं इंजिनही चालून जातं, म्हणून पहिला अर्थच धरावा आणि दुसऱ्याला ‘तारखेने योग्य’ एवढंच म्हणावं हे बरं. (मसल कार हा प्रकार कधी सुरू झाला, १९४९ च्या ओल्डस्मोबिल रॉकेट ८८ पासून की १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपासून, हा वाद वेगळा आहे, इथे त्यात शिरत नाही.)

चेसी नंबर : १९६९ च्या कॅमेरोचा नंबर १३ अक्षरांचा असतो, १२४३७९एन५००००१ असा. पहिला १ म्हणजे शेवरलेट, २४ म्हणजे व्ही-८ वाली कॅमेरो, ३७ म्हणजे कूपे (६७ असेल तर कन्व्हर्टिबल), ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे ओहायोतला नॉरवुड कारखाना आणि एल म्हणजे लॉस एंजेलिस, पुढे अनुक्रमांक. यात झेड/२८ आहे की साधी व्ही-८ याचा पत्ताच नाही! त्या वर्षी कॅमेरो बनल्या २,४३,०८५ आणि त्यातल्या झेड/२८ फक्त २०,३०२, म्हणजे साध्या गाडीला पट्टे मारून झेड/२८ करायला वाव किती होता बघा. क्रायस्लरच्या गाड्यांत ही अडचण नाही, तिथे पाचवं अक्षरच इंजिन सांगतं, १९७०-७१ च्या गाडीत आर असेल तर ४२६ घनइंची हेमी इंजिन.

चेसी नंबरची पट्टी डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला काचेतून दिसते आणि ती फुलाच्या आकाराच्या रिव्हेटने बसवलेली असते, साधे गोल पॉप रिव्हेट दिसले की सावध व्हावं. नंबराचा तुकडा शिवाय हीटरच्या डब्यामागे फायरवॉलच्या पत्र्यावर आणि काचेखालच्या जाळीच्या पत्र्याखालीही ठोकलेला असतो, आणि चोरीची गाडी ओळखायला तोच कामाला येतो. चेसी नंबर मुद्दाम काढणं किंवा बदलणं अमेरिकेत संघीय कायद्याने गुन्हा आहे.

इंजिनचं पॅड : खरी परीक्षा इथे. ड्रायव्हर डावीकडे बसतो, तर उजव्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे, अल्टरनेटरच्या आसपास ब्लॉकचा एक छोटा सपाट भाग दिसतो, त्यावरचं ग्रीस आणि रंग कापडाला थिनर लावून हळू पुसायचा, तारेचा ब्रश किंवा सँडपेपर चुकूनही लावायचा नाही. झेड/२८ चं ३०२ घनइंची इंजिन असेल तर व्ही०२१२डीझेड असं काहीतरी दिसेल : व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, १२ फेब्रुवारी, आणि डीझेड हा झेड/२८ चाच कोड. शेजारी १९एन५ ने सुरू होणारा चेसी नंबरचा तुकडा असतो, काही ब्लॉकवर तो पॅडवर नसून खाली ऑइल फिल्टरजवळ असतो, म्हणून पॅडवर नाही दिसला की लगेच खोटं ठरवू नये.

आता टॉर्च आडवी धरून बघायचं. मूळ पृष्ठभागावर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेषा असतात, ब्लॉकचा वरचा भाग कारखान्यात तासताना त्या उमटायच्या. इंजिन पुढे कधी रीबिल्ड झालं आणि लेथवाल्याने ब्लॉकचा माथा घासून सपाट केला तर रेषाही जातात आणि नंबरही, आणि मग कुणीतरी नवे पंच घेऊन नंबर ठोकतो. गुळगुळीत किंवा गोल फिरलेल्या ओरखड्यांच्या पॅडवर टवटवीत अक्षरं दिसली तर शंका घ्यायलाच हवी. दुसरी खूण अशी की इंजिनचा कोड फ्लिंटला ठोकला जायचा आणि चेसी नंबरचा तुकडा नॉरवुडला, वेगळी हत्यारं, वेगळे हात, त्यामुळे दोन्ही ओळी एकाच वळणाच्या, एकाच खोलीच्या असतील तर ते एका माणसाने एका बैठकीत केलेलं काम असायची शक्यता जास्त. रेषा पण नकली काढतात हल्ली, म्हणून फोटोवरून निकाल देऊ नये.

ब्लॉकच्या मागच्या बाजूला कास्टिंग नंबर असतो. ३९७००१० हा नंबर १९६९ च्या अखेरच्या ३०२ वर सापडतो पण तोच पुढे १९७० च्या दशकभर साध्या ३५० इंजिनांवरही आहे, तेव्हा त्याने सिद्ध काहीच होत नाही. कास्टिंगची तारीख अक्षर-दिवस-वर्ष अशी, ए म्हणजे जानेवारी, आणि वर्षाचा एकच आकडा, म्हणजे ९ हा १९६९ पण असू शकतो आणि १९७९ पण.

तारखांचा क्रम : ब्लॉक ओतला, मग इंजिन जुळलं, मग गाडी जुळली, हा क्रम उलटा होऊच शकत नाही. अंतर किती चालेल यावर मतं वेगळी, काहीजण सहा महिन्यांपर्यंत मान्य करतात, पण भरपूर मागणी असलेलं इंजिन इतके दिवस पडून राहील हे जरा अवघडच, काही आठवड्यांचं अंतर जास्त विश्वासार्ह. नॉरवुडच्या बॉडीच्या पट्टीवर ०२सी म्हणजे फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. याच पट्टीवर साधारण डिसेंबर १९६८ पासून एक्स३३ किंवा एक्स७७ असा कोड दिसू लागतो आणि तो झेड/२८ चा पुरावा आहे, लॉस एंजेलिसच्या गाड्यांवर मात्र तो नसतोच. तारखेचे कोड कार्ब्युरेटर (इथे होली), अल्टरनेटर आणि काचांवरही असतात.

पत्रा : क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) बदललंय का ते वेल्डिंगवरून कळतं, कारखान्याचे स्पॉट वेल्ड छोटे, गोल, खळगे पडलेले असतात आणि गॅरेजमधले भोक पाडून भरलेले. लांबी (खळगे बुजवायची पुट्टी) किती भरलीय ते चुंबकाने समजतं. नव्याने बनवलेली अख्खी १९६९ कॅमेरो बॉडीही बाजारात मिळते.

कागद : पॉन्टिॲक आणि फोर्डची कारखान्यातली नोंद गाडीगणिक मिळते (फोर्डची मार्टी रिपोर्ट म्हणून, १९६७ पासूनची), कॅनडात विकलेल्या शेवरलेटची तिथल्या जीएमकडून (जनरल मोटर्स, शेवरलेटची मूळ कंपनी) मिळते, अमेरिकेतल्या शेवरलेटची नाही. म्हणून पेट्रोल टाकीच्या वर किंवा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं त्याची कारखान्यातली यादी), आणि वॉरंटीच्या पुस्तिकेतली प्रोटेक्ट-ओ-प्लेट नावाची धातूची छोटी पट्टी, यांना एवढी किंमत. दोन्हींच्या नकला होतात.

सीई ब्लॉक : पॅडवर सीई आणि पुढे वर्षाचा आकडा असेल तर ते वॉरंटीत कंपनीने बदलून दिलेलं इंजिन. बरेचजण नाक मुरडतात आणि तो शिक्का घासून डीझेड ठोकून घेतात, हे फार वाईट आहे, कारण गाडी तरुणपणी दणकून चालवली गेली आणि डीलरने तिला नवं इंजिन दिलं हा तिचा खरा इतिहास त्या शिक्क्यात असतो आणि एकदा घासला की तो परत येत नाही. मूळ इंजिन नसेल तर पॅड आहे तसं ठेवून विकताना तसं लिहून द्यावं. कॉर्व्हेट सोसायटीच्या पारखीत गाडी कारखान्यातून निघाली तशी दिसते का याला गुण असतात, इंजिन जन्मापासूनचं आहे याचा तो दाखला नव्हे, आणि विकत घेणारे नेमके इथेच फसतात.