सार्वजनिक जागांच्या सीमा : नगररचनेतील पुनर्विचार

बाग, चौक, पदपथ किंवा नदीकाठ यांना शेजारच्या रस्त्यांपासून आणि इमारतींपासून वेगळे करणारी कुंपणे, भिंती, पायऱ्या, झाडांच्या रांगा, कधी नुसता फरशीतला बदल, या सगळ्यांचा समावेश सीमेत होतो. आत कोण येईल आणि बाहेर कोण राहील, हे ठरवणे एवढेच सीमेचे काम आहे, असा समज बराच काळ होता. तो अपुरा आहे. सीमेला रुंदी असते आणि त्या रुंदीत माणसे बसतात, थांबतात, वाट पाहतात.

लांबलचक रेल्वेमार्ग किंवा मोठ्या संस्थांची आवारे यांच्या कडेचे रस्ते ओस पडतात, कारण पलीकडे जायला वाटच नसते, हे शहरांविषयी लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये दाखवून दिले. डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांच्या निरीक्षणानुसार माणसे मोकळ्या जागेच्या मध्यभागी न थांबता कडेला रेंगाळतात. तिथे पाठीला आधार मिळतो आणि समोरचे सगळे दिसते.

सीमेमुळे जागेचा वापर कसा बदलतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कचे ब्रायंट पार्क. रस्त्यापेक्षा उंचावरचे हे उद्यान दाट झुडपांनी वेढलेले होते. आत काय चालले आहे ते बाहेरून दिसत नसे, आणि १९७०च्या दशकात तिथे अमली पदार्थांची उघड विक्री होई. दृष्टीआडचा हा कोपरा मोकळा करा, आत जायच्या वाटा वाढवा, असा सल्ला सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी दिला. १९९२ मध्ये उद्यान त्या धर्तीवर पुन्हा खुले झाले आणि गजबजले. अर्थात, सुरक्षारक्षक आणि रोजची देखभाल यांचाही त्यात मोठा वाटा होता. श्रेय एकट्या आराखड्याला देणे चुकीचे ठरेल.

सीमा पुसून टाकणे हा मात्र सरसकट उपाय नव्हे. नेदरलँड्सचे वाहतूक अभियंता हान्स मोंडरमन यांनी सिग्नल, खुणा आणि पदपथाची कड काढून वाहने व पादचारी यांना एकाच पातळीवर आणले. वाहनचालक सावध होऊन वेग कमी करतात, हा त्यामागचा तर्क. पण अंध व्यक्ती पदपथाची कड काठीने चाचपून दिशा ओळखतात. त्यांच्यासाठी ती कड जाणे म्हणजे आधारच जाणे. या आक्षेपांनंतर २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने स्थानिक संस्थांना असे समतल रस्त्यांचे प्रकल्प थांबवण्यास सांगितले. त्यामुळे आता समतल रस्त्यांवरही उंचवट्यांच्या स्पर्शफरशा बसवून कड जपण्यावर भर दिला जातो. या फरशा जपानमध्ये सेइइची मियाके यांनी विकसित केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात प्रथम बसवण्यात आल्या.