रविवारच्या रॉकेट उड्डाणाला येताय? निघण्यापूर्वी एवढं वाचून घ्या

आमच्याकडून मॉडेल रॉकेटचं किट नेलेल्या आणि पहिल्यांदाच मैदानावर येणाऱ्या सर्वांसाठी

दिवाळी आटोपली आणि पहाटे स्वेटर लागायला लागला की आमच्या दुकानात रॉकेटवाल्यांची, म्हणजे कागदी नळीची छोटी रॉकेटं स्वतः बांधून उडवणाऱ्यांची, ये-जा वाढते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत दर महिन्याला एक शनिवार-रविवार आम्ही उड्डाणासाठी राखून ठेवतो. शनिवारी दुपारी दुकानात तपासणी, रविवारी सकाळी नागपूरबाहेर, कळमेश्वरच्या पुढे, काटोल रस्त्याकडच्या एका पडीत शेतात उड्डाण. उन्हाळ्यात हा कार्यक्रम होत नाही. नागपूरचं ऊन सोसवत नाही हे आहेच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे वाळलेलं गवत. पावसाळ्यात शेतं पेरलेली असतात, त्यामुळे तेव्हाही नाही. संक्रांतीच्या आठवड्यातही आम्ही उड्डाण ठेवत नाही. आकाश पतंगांचं असतं, आणि पॅराशूटच्या दोऱ्या नि मांजा यांची गाठ पडलेली कोणालाच नको.

काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती वर जातं हो?" सी६-५ मोटर घातलेलं चाळीसेक ग्रॅमचं रॉकेट तीनशे मीटरच्या आसपास जातं. पण आमचा जीव अडकलेला असतो तो त्यानंतरच्या मिनिटभरात, ते खाली येत असताना. वर नेण्याचं काम मोटरचं, आणि ती तयार होऊन येते. सुखरूप उतरवण्याचं काम मात्र ज्यानं रॉकेट बांधलं त्याच्या बोटांचं. म्हणून या पत्रकात उतरण्याबद्दलच जास्त लिहिलंय.

मोटरवर काय लिहिलेलं असतं

आपल्या किटला लागणारी मोटर अंगठ्याएवढी जाड असते: १८ मिलिमीटर व्यास, ७० मिलिमीटर लांबी, जाड कागदाची नळी. खालच्या टोकाला मातीचं नोझल, म्हणजे वायू बाहेर पडायचं अरुंद तोंड, त्यावर ठासलेली काळी बारूद, त्यावर नुसताच धूर सोडत सावकाश जळणारा थर, आणि सगळ्यात वर पॅराशूट बाहेर ढकलणारी चिमूटभर बारूद. बारूद दोन सेकंदांच्या आत संपते. त्यानंतर रॉकेट केवळ मिळालेल्या वेगावर वर जात राहतं आणि मागे पांढरी रेघ ओढतं.

सी६-५ मधलं 'सी' म्हणजे मोटरचा एकूण आवेग, म्हणजेच रेटा गुणिले तो टिकतो ती सेकंदं. 'ए' २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, 'बी' ५ पर्यंत, 'सी' १० पर्यंत. अक्षर एक घर पुढे सरकलं की मर्यादा दुप्पट. मधला ६ म्हणजे सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा ५ म्हणजे बारूद संपल्यापासून पॅराशूट सुटेपर्यंतची सेकंदं, आणि आमच्या मते हाच आकडा सगळ्यात मोलाचा. तो कमी पडला तर रॉकेट वेगात असतानाच पॅराशूट सुटतं आणि फाटतं. जास्त झाला तर रॉकेट माथ्यावरून वळून नाक खाली करून येतं, आणि पॅराशूट उघडतं तेव्हा जमीन हातभर उरलेली असते. तुम्ही रंगाचे तीन हात दिले असतील, नाकात वजन भरलं असेल, तर रॉकेट जड झालेलं असतं आणि त्याला कमी सेकंदांची मोटर लागते. म्हणूनच शनिवारी आम्ही प्रत्येक रॉकेट काट्यावर ठेवतो. पहिलं उड्डाण मात्र सगळ्यांचंच ए८-३ वर. कमी उंचीवर जातं, डोळ्यांसमोर राहतं, चूक दिसते आणि दुरुस्त करता येते.

मोटर घरी का देत नाही

हे दर वेळी समजावावं लागतं, म्हणून स्पष्टच लिहितो. बारूद बनवणं, साठवणं आणि विकणं हे १८८४चा विस्फोटक कायदा आणि २००८चे विस्फोटक नियम यांच्या कक्षेत येतं. त्याला परवाना लागतो. हे परवाने पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचं, 'पेसो'चं, मुख्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सवर आहे. आमच्या दुकानात एकही मोटर नसते. परवानाधारक पुरवठादाराची माणसं रविवारी पेटीबंद मोटरी मैदानावर आणतात, तिथेच देतात, आणि उरलेल्या मोजून परत नेतात.

व्हिडिओ पाहून घरी इंधन शिजवण्याबद्दल कोणी मुलगा विचारतो, तेव्हा आम्ही त्याला खुर्ची देतो, बसवतो आणि नाही म्हणतो. हे पत्रक लिहिणाऱ्यानं आठवीत असताना फटाके सोलून त्यातली दारू एका नळीत ठासली होती. ठासतानाच ती पेटली. डाव्या तळहाताची कातडी नवी यायला दोन महिने लागले, आणि आईनं ते दोन महिने घास भरवला, कारण उजव्या हाताची बोटंही भाजली होती. ही गोष्ट आम्ही काउंटरवर हात दाखवून सांगतो.

मॉडेल रॉकेटचा छंद जन्मला तोच मुळी या भीतीपोटी. १९५०च्या दशकात अमेरिकेत पोरं घरच्या घरी रसायनं कालवून जखमी होत होती. नेब्रास्कातल्या ऑरव्हिल कार्लाइल या चपलांच्या दुकानदारानं १९५४च्या सुमारास कागदाचं हलकं रॉकेट आणि त्यात बसणारी तयार, एकदाच वापरायची मोटर बनवली. रॉकेट अभियंता हॅरी स्टाइन यांनी ती कल्पना उचलून धरली, सुरक्षेचे नियम बांधले, आणि व्हर्न एस्टेस यांनी त्या मोटरी यंत्रावर बनवायला सुरुवात केली. रॉकेट बांधणाऱ्यानं बारूद हाताळायचीच नाही, हा या छंदाचा पाया आहे. तो आम्ही ढिला होऊ देणार नाही.

पॅराशूटची घडी

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका रविवारी लागोपाठ चार रॉकेटांची पॅराशूटं उघडली नाहीत. बाहेर आली, पण सुरळीसारखी मिटलेलीच. मोटरी बरोबर, वजन बरोबर. मग एका ताईंनी आपलं पॅराशूट हातात घेऊन उलगडून पाहिलं, तर प्लास्टिकची प्रत्येक घडी कडक होऊन चिकटलेली. चौघांनीही शनिवारी रात्री पॅराशूट भरून ठेवलं होतं, आणि पहाटेच्या गारठ्यात प्लास्टिकनं तीच घडी धरली होती.

तेव्हापासूनचा नियम: पॅराशूट रॉकेटमध्ये भरायचं ते पॅडकडे (रॉकेट जिथून सुटतं त्या जागेकडे) जायच्या दहा मिनिटं आधी, त्यापूर्वी नाही. येताना ते मोकळं, कागदात सपाट ठेवून आणा. भरताना बोटांवर चिमूटभर टाल्कम पावडर घ्या आणि दोन्ही बाजूंना चोळा. टोकाला धरून उचला, अर्धी घडी, पुन्हा अर्धी, मग सैल गुंडाळी. दोऱ्या गुंडाळीवर दोन वेढ्यांपेक्षा जास्त नकोत. नळीत सोडल्यावर फुंकर मारली तर गुंडाळी सरकायला हवी. बोटानं दाबावी लागत असेल तर ती घट्ट झालीय. काढा, पुन्हा करा. तिच्याखाली न जळणाऱ्या कागदाचे चार-पाच सैल बोळे हवेतच, नाहीतर खालून येणाऱ्या गरम वायूनं पॅराशूट वितळून गोळा होतं. नाकाचा शंकू सहज निघावा, पण रॉकेट उलटं धरून हलवल्यावर आपोआप पडू नये. जास्त सैल असेल तर बुडाला चिकटपट्टीचा एक वेढा.

दोऱ्यांसाठी साधा जाड सुती दोरा वापरा. नायलॉनचा मांजा कोणीही आणू नये. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली त्यावर बंदी घातलेली आहे, आणि तो दोरा शेतात पडून राहिला तर पाखरांच्या पंखांत अडकतो.

गोफणीची परीक्षा

शनिवारी टेबलावर सगळ्यात जास्त वेळ याला लागतो. रॉकेटचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या केंद्राच्या, म्हणजे रॉकेटवरचा हवेचा सगळा दाब जिथे एकवटतो त्या बिंदूच्या, पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका, असावा लागतो. तसं नसेल तर रॉकेट पॅड सोडताच कोलांट्या घेतं. गणितानं हे काढता येतं, पण मैदानी पद्धत सोपी आहे. मोटरीच्या वजनाची लाकडी कांडी आणि पॅराशूट भरून रॉकेट बोटावर तोला, जिथे आडवं राहील तिथे दोरी बांधा, आणि दोन-अडीच मीटर दोरी सोडून डोक्याभोवती गोफणीसारखं फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर चांगलं. शेपूट पुढे आली किंवा गरगरलं, तर नाकात थोडी क्ले भरून पुन्हा फिरवायचं. क्लेनं वजन वाढतं, म्हणून पुन्हा काटा, पुन्हा मोटरचा विचार.

पंख सुटून येणारी रॉकेटं बहुतेक घाईत चिकटवलेली असतात. साधा फेव्हिकॉल पुरतो. दोन्ही कडांना लावा, जरा चिकट होऊ द्या, पुन्हा पातळ थर देऊन दाबा, रात्रभर हात लावू नका. झटपट चिकटणारा गोंद ठिसूळ असतो आणि उतरतानाच्या पहिल्याच धक्क्याला सोडतो. बाल्साच्या लाकडाची रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर असू द्या. आडवी असली तर पंख उडतानाच मोडतो.

मैदानावर

साडेसहाला दुकानासमोरून निघतो. साडेसातला पहिलं उड्डाण, साडेदहाला शेवटचं. ऊन तापलं की जमिनीवरून वारा उठायला लागतो, आणि साधा हिशोब करून पाहा: अडीचशे मीटरवरून सेकंदाला चार मीटर वेगानं उतरणारं रॉकेट मिनिटभर हवेत असतं. वारा सेकंदाला तीन मीटर असला तरी ते १९० मीटर दूर जाऊन पडतं, म्हणजे शेजारच्या संत्र्याच्या बागेत. वारा वाढला की आम्ही पॅराशूटऐवजी लांब फीत लावायला सांगतो. ती लवकर खाली आणते. ताशी ३२ किलोमीटरच्या वर वारा गेला तर उड्डाण बंद, कितीही जण रांगेत असले तरी.

पॅडखालची जमीन खरवडून ओली केलेली असते, बाजूला पाण्याचे ड्रम आणि ओली गोणपाटं. धुऱ्यापलीकडे वाळलेली पऱ्हाटी उभी असते, म्हणून यात आम्ही कुचराई करत नाही. पेटवणी विजेच्या तारेनंच, निदान पाच मीटरवरून. कंट्रोलरची, म्हणजे पेटवणीचं बटण असलेल्या डबीची, किल्ली एकच आहे आणि ती ज्याचं रॉकेट त्याच्याच गळ्यात असते. तो पॅडवर तारा जोडत असताना मागे कोणी बटण दाबलं तरी काही होऊ शकत नाही, कारण किल्ली त्याच्याजवळ. तो परत येतो, आकाश पाहतो, रस्त्यावर गुरं नाहीत ना पाहतो, मोठ्यानं पाचपासून उलटे आकडे मोजतो. विमान, हेलिकॉप्टर किंवा गुराखी दिसला की मोजणी थांबते. बटण दाबूनही पेटलं नाही तर किल्ली काढायची आणि पूर्ण ६० सेकंद थांबायचं. बहुतेक वेळा क्लिप गंजलेली असते; पॉलिश पेपरनं घासली की काम होतं.

आता एक कळकळीची विनंती. या भागातल्या शेतांत कठडा नसलेल्या विहिरी आहेत. पोरं आभाळाकडे बघत धावतात. आम्ही विहिरींभोवती दोरी आणि लाल झेंड्या लावतो, तरीही मुलांनी एकटं धावू नये. रॉकेट आणायला जाताना एक मोठं माणूस सोबत, आणि त्यानं जमिनीकडे बघत चालायचं. शोधण्याची रीत अशी: दोन जणांनी वेगवेगळ्या ठिकाणी उभं राहून रॉकेट पडताना दिसलं ती दिशा एखाद्या झाडाच्या खुणेनं धरून ठेवायची. दोन्ही रेषा जिथे मिळतात तिथे ते सापडतं. विजेच्या तारांवर अडकलं तर ते सोडून द्यायचं. काठी नाही, दगड नाही. नवीन किट आम्ही निम्म्या किमतीत देऊ.

दुसऱ्याच्या बागेत पडलं तर आधी विचारायचं. ज्यांच्या शेतात आपण जातो ते काका पहिल्या वर्षी धुऱ्यावर लांब उभे असायचे. मग एका सकाळी नारिंगी पॅराशूट त्यांच्या पायाशी येऊन टेकलं. त्यांनी ते उचललं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "बाप्पा, हे तं अंड्यावानी उतरलं!" आता ते स्वतः उंची मोजायला बसतात. पॅडपासून १०० मीटरवर, हातात कोनमापक आणि त्याला बांधलेला ओळंबा. रॉकेट माथ्यावर असताना ४५ अंश आले तर उंची १००, ६० अंश आले तर १७३ मीटर.

लहान मुलांसाठी

दहा वर्षांखालच्या मुलांना मोटरीचं रॉकेट देत नाही. त्यांच्यासाठी बाजूलाच पाण्याचं रॉकेट असतं: दोन लिटरची बाटली, एक तृतीयांश पाणी, सायकलचा पंप. पंपाच्या काट्यावर ६० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) पुढे जायचं नाही. बाटली सोडा किंवा कोल्ड्रिंकचीच आणा. ती दाब सहन करण्यासाठीच बनलेली असते. पाण्याची पातळ बाटली फुटते. ओरखडे पडलेली, उन्हात राहिलेली बाटली आम्ही बाजूला काढू, वाईट वाटून घेऊ नका.

सोबत आणा: टोपी, बंद बूट, पाणी, पॉलिश पेपर, टाल्कम पावडर आणि जुनं वर्तमानपत्र. सुती कपडे घाला. तर्री-पोहे आणि चहा आमच्याकडून. पॅडपासून ५० मीटरच्या आत विडी-सिगारेट चालणार नाही.

नाव नोंदवायला दुकानात या, गुरुवारपर्यंत. शनिवारी तपासणी दुपारी तीन ते रात्री आठ. ज्या रॉकेटचा गोंद ओला असेल त्याला तपासणीचा शिक्का मिळत नाही. ते पुढच्या महिन्यात उडेल.