धबधब्यातला 'धब' येतो कुठून?

पाण्याच्या आवाजांना मराठीत किती शब्द आहेत! झरा झुळझुळतो, ओढा खळखळतो, पागोळ्या टपटपतात. आणि कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्याला तर आपण त्याच्या आवाजाचंच नाव देऊन टाकलं, धबधबा. संस्कृत 'प्रपात' हा डोळ्यांनी पाहून घडवलेला शब्द. त्यातल्या 'पत्' धातूचा अर्थ पडणं. धबधबा मात्र कानाने ऐकलेला. १७व्या शतकात समर्थ रामदासांनी शिवथरघळीच्या पाण्याचं वर्णन केलं, तेव्हा त्यांनाही 'धबाबा' असाच शब्द सुचला.

हा कान किती नेमका होता, ते विज्ञान वाचताना कळतं आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

पाणी पाण्यावर आदळतं म्हणून आवाज होतो, असं आपण धरून चालतो. खरं तर त्यातला मोठा वाटा हवेचा असतो. कोसळणारं पाणी आपल्यासोबत हवा कुंडात ओढून नेतं आणि तिचे बुडबुडे होतात. नुकताच जन्मलेला बुडबुडा दबतो, फुगतो, पुन्हा दबतो. त्याच्या या थरथरीचा आवाज आपल्याला ऐकू येतो. याचं गणित मार्सेल मिनार्ट या खगोलशास्त्रज्ञाने १९३३ साली मांडलं. बुडबुडा जितका मोठा, तितका स्वर खालचा. २ मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,३०० वेळा थरथरतो, तर २ सेंटिमीटरचा जेमतेम ३३० वेळा. ओढ्याच्या खळखळीत बारके बुडबुडे बोलतात. धबधब्याखाली मोठे बुडबुडे असतातच, शिवाय त्यांचा अख्खा घोळका एकत्र हलतो तेव्हा स्वर आणखी खाली उतरतो. छातीत घुमतो तो हाच. तबल्याची चाट आणि डग्ग्याचा घुमारा यांत जो फरक, तोच खळखळ आणि धबधब यांत.

हेच बुडबुडे आणि तुषार सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात, म्हणून पाणी पांढरंशुभ्र दिसतं. गोव्यातल्या दूधसागराचं नाव त्यावरूनच पडलेलं.

पण उंच कड्यावरून पडणारं प्रत्येक पाणी 'धब' म्हणत नाही. हवेचा अडथळा नसता, तर ३०० मीटरवरून पडलेलं पाणी ताशी २७५ किलोमीटर वेगाने आदळलं असतं. मोठा लोट बराच वेग टिकवतो. बारीक धार मात्र वाटेतच फुटून तिचे थेंब होतात, आणि अगदी टपोऱ्या थेंबाचा वेगही ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास अडतो. वारा याहून जोराने वर येत असेल, तर थेंब खाली जाणार कसे? जुन्नरजवळच्या नाणेघाटात पावसाळ्यात हेच घडतं. कोकणातून आलेला वारा कड्यावर थडकून वर उसळतो आणि पाण्याला माथ्यावर परत फेकतो. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात. तिथे उभं राहिलं की माणूस खालून चिंब भिजतो. ते पाणी कुंडात पोचतच नाही, बुडबुडे होत नाहीत, त्यामुळे कानावर येतो तो नुसता वाऱ्याचा घोंगाट.