मेमरीतले पत्ते: किती विखुरायचे, किती सलग ठेवायचे
(देखभाल करारावरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे दोन उलट मागण्या नेहमी येतात. सॉफ्टवेअर विकणारा सांगतो, “सर्व्हरवरचं एएसएलआर (मेमरीतले पत्ते दरवेळी बदलणारी सुरक्षा) बंद करा, म्हणजे आमचा प्रोग्रॅम नीट चालेल.” ऑडिटर सांगतो, “एएसएलआर जास्तीत जास्त करा.” मधल्यामध्ये तुम्ही अडकता आणि फोन आम्हाला येतो. दोघांनाही जशास तसं ‘हो’ का म्हणत नाही, ते इथे लिहितो आहोत.

प्रोग्रॅम सुरू झाला की त्याचा कोड, लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम वापरतात तो आयता कोड), स्टॅक आणि हीप (चालू कामाचा डेटा ठेवायच्या जागा) यांना कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, मेमरीत पत्ते देतो. हे पत्ते दरवेळी तेच असतील तर हल्लेखोराचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. म्हणून पत्ते दरवेळी बदलायचे, याचं नाव एएसएलआर. लिनक्सची सुरक्षा वाढवणाऱ्या पॅक्स प्रकल्पाने २००१ मध्ये ही कल्पना आणली, लिनक्सने २००५ मध्ये घेतली, विंडोज व्हिस्टाबरोबर २००७ मध्ये ती घरोघरी पोचली.

मग सगळं मनसोक्त उधळून का देत नाही? शेतजमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून आपल्याकडे १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. मेमरीचं दुखणंही त्याच जातीचं: एकूण जागा भरपूर असते, पण सलग मिळत नाही. ३२ बिट लिनक्सवर एका प्रोग्रॅमला साधारण ३ जीबी पत्ते मिळतात. त्यात छोट्या लायब्रऱ्या कुठेही टाकल्या, तर दीड जीबी मोकळी असूनही जावात लिहिलेल्या प्रोग्रॅमला हीपसाठी लागणारी सलग जागा सापडत नाही आणि प्रोग्रॅम सुरूच होत नाही. अशा वेळी रॅम वाढवूनही उपयोग नाही, कारण तुकडे रॅमचे नसून पत्त्यांचे पडलेले असतात.

६४ बिटवर प्रोग्रॅमला १२८ टीबीचं मैदान असतं, त्यामुळे जागेची ओरड नाही. तिथे खर्च होतो तो नोंदवहीचा. कुठला पत्ता रॅममध्ये कुठे आहे, याचे तक्ते कर्नलला ठेवावे लागतात. मेमरी ४ केबीच्या ‘पानां’त मोजली जाते. ४ केबीचा एक तक्ता २ एमबीचा पट्टा सांभाळतो. ४ केबीचं एकच पान दूर ओसाडीत टाकलं, तर त्याच्यासाठी असे तीन तक्ते नव्याने लागू शकतात. म्हणजे पान ४ केबीचं आणि त्याची नोंद १२ केबीची.

यावर प्रत्येक कर्नलची तोड वेगळी. लिनक्स प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच फासा टाकतो आणि त्या जागेखाली पुढचं सगळं चिकटून रचतो. तुकडे पडत नाहीत, पण एका लायब्ररीचा पत्ता फुटला की शेजारच्यांचेही कळतात. ओपनबीएसडी (सुरक्षेवर भर देणारी वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम) काही थोड्या जागा मनाने निवडतो, नव्या मागण्या त्यांच्या आसपास बसवतो आणि अधूनमधून त्या जागाही बदलतो. आम्हाला ही पद्धत जास्त पटते, पण तुमची सॉफ्टवेअरं लिनक्सवर चालतात, तेव्हा प्रश्न मिटला.

हा तोल कसा बिघडतो, हे लिनक्सच्या ५.१८ या आवृत्तीत दिसलं. वेगासाठी २ एमबीची मोठी पानं वापरता यावीत म्हणून, २०२२ च्या त्या कर्नलपासून नेहमीच्या फाइल सिस्टीमवरच्या २ एमबीहून मोठ्या लायब्रऱ्या २ एमबीच्या सीमेवर बसू लागल्या. हेतू चांगलाच होता. पण २ एमबीत ४ केबीची ५१२ पानं बसतात, म्हणजे ९ बिटांची अनिश्चितता गेली (एक बिट कमी झाला की शक्यता निम्म्या होतात). ६४ बिट यंत्रावर २८ बिटांची अनिश्चितता १९ ची झाली. हल्लेखोराला जिथे सुमारे २७ कोटी शक्यतांतून पत्ता शोधावा लागत होता, तिथे सव्वापाच लाख उरल्या. ३२ बिट यंत्रावर अनिश्चितता मुळात ८ च बिटांची, म्हणजे फार तर १ एमबीची हलवाहलव. ती २ एमबीच्या सीमेत विरून गेली आणि लायब्ररी दरवेळी त्याच पत्त्यावर येऊ लागली. एएसएलआर ‘चालू’ दिसत होतं, तरीही! याचा बोभाटा व्हायला २०२४ चा जानेवारी उजाडला. त्यानंतर ३२ बिटसाठी ही सक्ती काढली गेली.

थोडे बिट म्हणजे किती थोडे, हे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००४ मध्येच दाखवलं होतं. १६ बिटांचं संरक्षण त्यांनी सरासरी २१६ सेकंदांत फोडलं. चहा उकळायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

आता तुमच्या सर्व्हरबद्दल. ६४ बिट यंत्रांवर आम्ही अनिश्चिततेचे २८ चे ३२ बिट करतो. उबुंटू २४.०४ मध्ये ते मुळातच ३२ आहेत. तुमच्याकडे प्रोग्रॅमर असतील तर त्यांना आधी सांगा, कारण मेमरीच्या चुका शोधणारी त्यांची काही जुनी साधनं ३२ वर कोसळतात. जुन्या ३२ बिट यंत्रांवर आधी कर्नल बदलतो. तिथे ८ चे १६ बिट करता येतात, पण मग २५६ एमबीपर्यंतची सलग जागा हातची जाऊ शकते. ज्या यंत्रावर जावा किंवा मोठा डेटाबेस आहे, तिथे आम्ही हे चाचणीशिवाय करत नाही. खरं सांगायचं तर अशी यंत्रं बदललेलीच बरी, पण ते खर्चाचं काम आहे आणि घाई तुम्ही ठरवायची.

विक्रेता फारच अडून बसला तर त्याच्या एकट्या प्रोग्रॅमपुरतं एएसएलआर बंद करता येतं. पूर्ण सर्व्हरचं बंद करू नका. त्याचा ईमेल आम्हाला पुढे पाठवा, त्याच्याशी आम्ही बोलू.

बदल फक्त नव्याने सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमना लागू होतो, त्यामुळे सगळ्या सेवा एकदा बंद करून चालू कराव्या लागतील. हे काम रविवारी रात्री करू. शनिवारी संध्याकाळपर्यंत बॅकअप झालाय ना, एवढं फक्त बघून ठेवा.