निलय-पटलातील जन्मजात छिद्रांचे वर्गीकरण

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या (निलयांमधल्या) पडद्यात जन्मतः राहिलेल्या छिद्राला डॉक्टर ‘व्हीएसडी’ म्हणतात. मुलांच्या जन्मजात हृदयदोषांत याचे प्रमाण सर्वाधिक. मुंबईत परळला एकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) खोलीबाहेर आईवडील हमखास विचारतात, ‘किती एमएमचं आहे?’ प्रश्न रास्त, पण अपुरा. ४ मिमीचे छिद्र तान्ह्याला मोठे, दहा वर्षांच्या मुलाला किरकोळ. म्हणून छिद्राची रुंदी महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या कड्याच्या रुंदीशी ताडून पाहतात. एक तृतीयांशाहून कमी भरले तर लहान. लहान छिद्राचा स्टेथोस्कोपमधला आवाज मात्र मोठा, हे फ्रेंच डॉक्टर आँरी रोजे यांनी १८७९ मध्येच नोंदवले होते.

आकारापेक्षा निर्णायक ठरते ती जागा आणि छिद्राची कड. पडदा बहुतांशी स्नायूचा. महाधमनीच्या झडपेखालचा छोटा तुकडा तेवढा पातळ पापुद्र्याचा. त्याला लागून असलेले ‘पेरिमेम्ब्रेनस’ छिद्र शस्त्रक्रियेपर्यंत सर्वाधिक येते. हृदयाच्या ठोक्यांचा संदेश वाहून नेणारा तंतूंचा जुडगा त्याच्या मागच्या-खालच्या कडेने जातो. टाका तिथे चुकला तर हा संदेश अडून (‘हार्ट ब्लॉक’ होऊन) पेसमेकर बसवण्याची वेळ येऊ शकते.

सगळीकडून स्नायूची कड असेल तर ‘मस्क्युलर’. नवजातांत ही बारीक छिद्रे पुष्कळ दिसतात आणि बरीचशी वर्षा-दोन वर्षांत आपोआप बुजतात. एकाच पडद्यात अनेक असली की पुस्तकात ‘स्विस चीज’ म्हणतात. लालबागच्या आजीला आंबोळीची जाळी म्हटले तर लगेच कळेल. वरच्या व खालच्या कप्प्यांमधल्या झडपांलगतचे ‘इनलेट’ छिद्र डाऊन सिंड्रोमच्या मुलांत अधिक आढळते.

फसवे आहे ते वरच्या ‘आउटलेट’ भागातले, महाधमनी व फुप्फुसधमनी या दोन्हींच्या झडपांना टेकलेले. पूर्व आशियात याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच जास्त. ते सहसा बुजत नाही. उलट महाधमनीच्या झडपेचे पान त्यात ओढले जाते, एकोत छिद्र लहान झालेले दिसते, घरचे खूश होतात आणि इकडे झडप गळू लागते. अशा वेळी छिद्र लहान असूनही शस्त्रक्रिया करावी लागते.

नावांचा घोळ जुना आहे. या शेवटच्या प्रकारालाच कुणी सुप्राक्रिस्टल म्हणे, कुणी सबपल्मॉनिक, कुणी कोनल, कुणी टाइप १. सोटो, बेकर, अँडरसन आदी संशोधकांनी १९८० मध्ये कडेवरून वर्गीकरण मांडले. जागेवरून नाव देणारेही आपल्या मतावर ठाम राहिले. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात दोन्ही पद्धतींचा मेळ घालून मध्यवर्ती पेरिमेम्ब्रेनस, इनलेट, ट्रॅबेक्युलर मस्क्युलर आणि आउटलेट असे चार गट ठरले. दवाखाने बदललेल्या मुलाच्या प्लास्टिकच्या पिशवीत एकाच छिद्राची दोन-तीन नावे अजूनही सापडतात.